‘शांत’ हा शेरा

दर सत्राच्या शेवटी, ऑक्टोबरात आणि एप्रिलात, आमच्या शाळेत वर्गशिक्षकांना प्रगतिपुस्तकांतल्या नोंदी लिहिण्यासाठी दोन दिवस दिले जातात. मुले तेव्हा घरी असतात. शिक्षकखोलीतल्या लांब टेबलाभोवती आम्ही बसतो, प्रत्येकाच्या पुढ्यात प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा असतो, आणि दुपारपर्यंत कुणी कुणाशी फारसे बोलत नाही. प्रत्येक मुलाविषयी दोन-तीन ओळी लिहायच्या असतात. अख्ख्या वर्गासाठी वेगवेगळी वाक्ये कुणालाच सुचत नाहीत, म्हणून टेबलावर एक जुनी वही फिरत असते. तिच्यात तयार नोंदी आहेत. ‘स्वतःहून प्रश्न विचारते.’ ‘गटकार्यात उत्साहाने भाग घेतो.’ ‘खेळात विशेष रुची.’ ‘शांत.’ वही कुणी सुरू केली हे आता कुणालाच आठवत नाही. पाने निसटली आहेत, कोपऱ्यांवर चहाचे डाग आहेत, आणि तिच्यातली वाक्ये दर वर्षी नव्या मुलांच्या नावापुढे जाऊन बसतात.

या वहीतला एक शब्द मी चुकीचा वाचला. त्याची किंमत एका मुलीला मोजावी लागणार होती, आणि तो चुकीचा वाचला हे कळायला मला दीड वर्ष लागले.

मी या पेशात उशिरा आले. अंबरनाथला माझे वडील कारखान्यात अधिकारी होते. पाळी संपवून आले की ते दुपारी झोपत, आणि त्या वेळात आई आम्हा बहिणींना नुसत्या ओठांच्या हालचालीने बोलावी. भांडे पडू द्यायचे नाही, खुर्ची ओढायची नाही, हाक मारायची नाही. पुढे वडील निवृत्त झाले, पण माझा आवाज तेवढाच राहिला. पहिल्या क्रमांकाची विद्यार्थिनी असूनही मी कधी हात वर केला नाही. एम.ए. झाले, बी.एड. झाले, लग्न होऊन बदलापूरला आले आणि मुलगी कॉलेजात जाईपर्यंत घरीच राहिले. बेचाळिसाव्या वर्षी, एका सप्टेंबरात, उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका मराठी शाळेत तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवीन तेवढ्या तासांपुरती, मराठी शिकवण्याची नोकरी मिळाली. मुलाखतीत संस्थेच्या एका सदस्याने, ‘जरा मोठ्याने बोला,’ असे तीनदा सांगितले होते. तरी त्यांनी मला घेतले, कारण त्या पगारात दुसरे कुणी आले नव्हते.

शाळा बाजाराच्या रस्त्यावर, दुकानांच्या वर, तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीखाली शेअर रिक्षांचा थांबा आहे. सकाळी साडेसातपासून ‘पाच नंबर, पाच नंबर, एक सीट’ अशी आरोळी सुरू होते, कारण कॅम्प पाचला जाणाऱ्या रिक्षा तिथूनच सुटतात. वीज गेली की तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाचा जनरेटर धडधडू लागतो. जुन्या शिक्षकांना यातले काही ऐकू येत नाही. त्यांचे आवाज या रस्त्यावरच घडलेले आहेत. मी मात्र पहिले कित्येक महिने पहिल्या दोन बाकांनाच शिकवत होते, आणि ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही. मागच्या मुलांनी बिचाऱ्यांनी आपापसांत गप्पांची सोय करून घेतली होती. मी त्या गप्पांना बेशिस्त समजत होते.

मी वर्गशिक्षिका होते त्या आठवीत ती मुलगी होती, शेवटून दुसऱ्या बाकावर. किरकोळ अंगाची, लाल रिबिनींच्या दोन वेण्या, आणि बोटांची टोके कायम निळसर. मी तो रंग शाईचा समजले आणि मनात म्हटले, ही बरेच लिहीत असावी.

रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी वर्गात एक कविता वाचत होते. तेवढ्यात मागून बाकावर बोटांची पेरे आपटल्याचा आवाज आला. टक, टक. मी थांबले नाही. पुन्हा टक, टक. आता सगळा वर्ग वळून पाहू लागला. ती मुलगी माझ्याकडे सरळ पाहत होती, चेहऱ्यावर ना खोडकरपणा ना भीती. माझ्या मनात मात्र एकदम आले, की माझी परीक्षा घेतली जात आहे, नव्या बाईंना किती वाकवता येते ते पाहिले जात आहे. घाबरलेला माणूस जसा बोलतो तशी मी बोलले.

“काय गं, दार आहे का ते? कोण आलंय?”

वर्ग खो खो हसला. मागून एकाने ओरडून सांगितले, “बाई, आतून कडी लावा, कडी!” आणि हशा दुप्पट झाला.

खरे सांगायचे तर मला बरे वाटले. त्या शाळेत आल्यापासून वर्ग पहिल्यांदाच माझ्या बाजूने हसला होता. ती मुलगी हसली नाही. तिने हात बाकाखाली घेतला. त्या दिवसापासून तिचे नाव ‘कडी’ पडले. मधल्या सुट्टीत, जिन्यावर, रिक्षाच्या थांब्यावर, ‘ए कडी,’ ‘कडी आली, कडी गेली.’ मी ते ऐकत असे, पण मुलांच्या टोपणनावांत मोठ्यांनी पडू नये असे माझे मत होते. म्हणजे, तसे मत असणे मला सोयीचे होते.

पुढे दीड वर्षात ती वर्गात एक शब्दही बोलली नाही. वह्या पूर्ण असत, अक्षर बरे असे, लेखी परीक्षेत काठावर का होईना पास होई. हजेरीला नुसता हात वर करी. तोंडी परीक्षेला माझ्यासमोर उभी राहिली की ती माझ्या ओठांकडे पाही. मी माझ्या आवाजात प्रश्न विचारी, ती गप्प राही. मला तिच्यात मी दिसे. ‘नसेल बोलवत पोरीला,’ असे म्हणून मी तिला पासापुरते गुण देऊन टाकी आणि वर स्वतःच्या समजूतदारपणावर खूश होई. नोंदी लिहिण्याची वेळ आली तेव्हा मी ती वही उघडली आणि ‘शांत’ हा शब्द निवडला. माझ्या स्वतःच्या प्रगतिपुस्तकांत पहिलीपासून दहावीपर्यंत तोच शब्द होता, आणि तो वाचताना आईच्या चेहऱ्यावर जे समाधान येई ते माझ्या लक्षात होते. आठवीच्या दोन्ही सत्रांना आणि, तोच वर्ग पुढे माझ्याकडे राहिला म्हणून, नववीच्या पहिल्या सत्राला मी तिला तोच शब्द दिला. बक्षीस द्यावे तसा दिला.

नववीच्या अखेरीस मुख्याध्यापकांनी मला बोलावले. ते निवृत्तीला आलेले, सतत थकलेले गृहस्थ आहेत. टेबलावर एक यादी होती.

“बसा, बाई. तुमच्या वर्गातली ही सहा नावं. पालकांना बोलवून समजवायचं. नाही आले तर घरी जायचं.”

“समजवायचं म्हणजे?”

“म्हणजे शाळेतून दाखला काढून घ्यायचा आणि दहावीला सतरा नंबर भरायचा.”

आमच्याकडे हे दोन शब्द सगळ्यांना माहीत असतात. सतरा नंबरचा अर्ज भरणारा मुलगा बाहेरून, खासगीरीत्या दहावीला बसतो. त्याने घरीच अभ्यास करायचा, परीक्षेपुरते केंद्रावर जायचे. आजाराने किंवा नोकरीमुळे शाळा सुटलेल्यांसाठी ती सोय आहे. पण नापास होण्याची शक्यता असलेल्या मुलांनाही ती समजावून सांगितली जाते, म्हणजे शाळेचा निकाल खाली येत नाही. त्यातली किती मुले खरोखर परीक्षेला बसतात, याची चौकशी नंतर कुणी करत नाही.

सहावे नाव त्या मुलीचे होते.

“सर, ही लेखीत पास होते.”

“काठावर. तोंडीला बाकीच्या भाषांत भोपळा. तुम्ही एकट्याच सढळ हाताने देता. आणि शेरा तर तुमचाच आहे, हे बघा.” त्यांनी तिचे प्रगतिपुस्तक माझ्याकडे सरकवले. “शांत. शांत. परत शांत.”

“पण मी ते कौतुकानं लिहिलंय.”

त्यांनी चष्मा काढला. “कौतुकानं? अहो बाई, मुलाच्या पुस्तकात मठ्ठ असं लिहिता येत नाही, म्हणून आपण शांत लिहितो. वर्षानुवर्षं लिहितोय.”

“मला कुणी सांगितलं नाही, सर.”

“तुम्ही कुणाला विचारलंत?” ते चिडून बोलले नव्हते. मग म्हणाले, “पट कमी होतोय. निकाल पडला तर जूनमध्ये पहिलीत कोण येणार? सगळे इंग्लिश मीडियमला चाललेत. मग तुमच्या तासिका मी कुठून आणू?”

बाहेर आले तेव्हा शिक्षकखोलीत हिंदीच्या बाई डबा उघडत होत्या. सव्वीस वर्षे नोकरी झालेल्या या बाई शाळेत सगळ्यांत ज्येष्ठ आहेत आणि कुणाचीही भीड ठेवत नाहीत. मी त्यांना शब्दाचा अर्थ विचारला. घास तसाच धरून त्या हसू लागल्या.

“अहो, तुम्हाला माहीत नाही? ‘खेळात रुची’ म्हणजे अभ्यासात नाही. ‘चंचल’ म्हणजे हाताला लागला तर सोडू नका. आणि ‘शांत’ म्हणजे दगड. एम.ए.ला हे शिकवत नाहीत वाटतं!”

मीही हसले. हसणे सोपे होते. पण जी नोंद मी बक्षीस म्हणून तीनदा दिली होती, ती पाहून बाकीच्या शिक्षकांनी तिला प्रश्न विचारणेच सोडून दिले होते, हे डबा खाताना माझ्या लक्षात येत गेले. जिला वर्गशिक्षिकाच दगड म्हणते तिच्यावर वेळ कोण घालवणार?

मी आधी तिच्याच घरी गेले. दाखल्यासाठी लिहून ठेवलेला अर्ज पर्समध्ये होता, फक्त वडिलांची सही बाकी होती. कॅम्प पाचला उतरून दोन गल्ल्या आत गेल्यावर घर सापडले, पण ते घर नव्हते, जीन्सचा शिलाई कारखाना होता. एका लांबट खोलीत सहा मशीन चालू होती. लोखंडी शिडीवरून माळ्यावर जायचे, तिथे हे कुटुंब राहत होते. खालचा कारखाना एका सिंधी शेठचा, वडील तिथले कारागीर, आणि आई जमिनीवर बसून तयार पँटींचे लोंबणारे धागे कापत होती. तिच्याभोवती पँटींचा ढीग होता आणि तिची बोटे निळी होती. मुलीच्या बोटांचा रंग शाईचा नव्हता हे मला तेव्हा कळले.

मी दारात उभी राहून ‘नमस्कार’ म्हणाले. माझा मलाच आवाज आला नाही. आईची नजर गेली तेव्हा तिने हातातली छोटी कात्री शिडीवर तीनदा आपटली. टण, टण, टण. सहाही मशीन एकदम थांबली.

“बाई आल्यात!” ती ओरडली. मशीन थांबली होती तरी ती ओरडूनच बोलली.

वडील धावतच पुढे आले. सोलापूरकडची माणसे. त्यांनी स्टुलावरचे कापड झटकून मला बसवले आणि आधी भिंतीकडे बोट केले. देवाच्या तसबिरीशेजारी तिच्या प्रगतिपुस्तकातल्या पानाची झेरॉक्स लॅमिनेट करून लावली होती. ‘शांत’ या शब्दाखाली लाल पेनने दोन रेघा मारल्या होत्या.

“आमच्या सात पिढ्यांत पहिलं माणूस शांत निघालं, बाई,” ते म्हणाले. “शेठला बी दावलं. त्यो म्हणला, मास्टर, ये तो कमाल हो गया.”

“घरी न्हाई हो ती शांत,” आई म्हणाली. “घरात बगा जरा. शाळेत काय जादू करता तुम्ही?”

तेवढ्यात माळ्यावरून आवाज आला. खणखणीत, रस्त्याच्या पलीकडे पोचेल असा. “साईं, बत्तीस का नहीं हुआ! अठ्ठाईस का ले जाओ, बत्तीस कल!” खाली टेम्पो उभा होता, आणि खिडकीतून ती टेम्पोवाल्याशी पँटींच्या मापांवरून भांडत होती. पलीकडून काहीतरी उत्तर आले. “मेरे को मत सुना, शेठ को सुना!” असे म्हणून ती शिडी उतरली आणि मला पाहून शेवटच्या पायरीवर थांबली. दीड वर्ष माझ्या वर्गात असलेल्या मुलीचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मशीन फार वेळ बंद ठेवता येत नव्हती. ती पुन्हा सुरू झाली, आणि मी दहावीबद्दल काहीतरी बोलू लागले. आईने कात्री दोनदा आपटली. मी थांबले. तिने हाताने खूण केली, बोला. मी पुन्हा बोलू लागले, पुन्हा दोनदा टण, टण. मुलगी माझ्याजवळ आली आणि कानाशी वाकून म्हणाली, “बाई, एकदा म्हणजे ऐकलं. दोनदा म्हणजे परत सांगा. तीनदा म्हणजे मशीन बंद.”

मी तिला विचारले,

“मग वर्गात तू त्या दिवशी…”

“तुमचा आवाज मागे येतच नाही, बाई. खाली तो पाच नंबर, पाच नंबर ओरडत असतो. मला वाटलं, शाळेत पण असंच करायचं असेल.”

“मग नंतर परत का नाही ठोकलंस?”

तिने जमिनीवरचा एक धागा उचलून बोटाला गुंडाळला. “तुम्ही कडी म्हणालात ना.”

मी कडी म्हटले नव्हते, दार म्हटले होते. हा फरक तिला सांगावा असे क्षणभर वाटले, याची आजही लाज वाटते.

माझ्या मनात एक शंका आली आणि मी वडिलांना ओरडून विचारले, हिचे कान कधी दाखवलेत का? त्यांना हसू आवरेना. “कान? मशीनची सुई तुटली तर हिला माळ्यावर कळतं, बाई. तिथनं वरडून सांगती, चार नंबरची गेली म्हनून.” कान ठीकच होते. जिथे ऐकू न येणे हा कुणाचा दोष नसतो आणि परत विचारण्याची एक साधी रीत असते, अशा घरात ती वाढली होती. ती रीत घेऊन ती माझ्या वर्गात आली. मी ज्या घरात वाढले तिथे ठोकणे हा उद्धटपणा होता आणि गप्प बसणे हा गुण.

चहा झाला. वडिलांनी विचारले, “बाई, पर येनं कशाला केलं? काय काम हुतं?”

“असंच,” मी म्हणाले, “अभ्यासाचं बघायला.”

अर्ज पर्समध्येच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांसमोर उभी राहिले. रात्रभर वाक्ये जुळवली होती, ती सगळी विसरले. “सर, ते नाव काढा,” एवढेच म्हणाले. ते म्हणाले, “काय?” मी परत सांगितले, यावेळी इतक्या मोठ्याने की बाहेर बाकावर बसलेल्या शिपायाने आत डोकावून पाहिले. मग जसे जमेल तसे सगळे सांगितले. कात्री, शिडी, तिसऱ्या मजल्यावरचा माझा आवाज. त्यांनी पेनला टोपण लावले.

“चूक तुमची आहे म्हणता?”

“हो.”

“मग तोंडी परीक्षा तुम्ही घ्यायची नाही. हिंदीच्या बाई घेतील, मराठीतच. तुम्ही बसा हवं तर, पण तोंड उघडायचं नाही. बाईंना वाटलं की पोरगी दहावीला टिकेल, तर नाव काढतो. नाही वाटलं तर आजच्या आज दाखला.”

परीक्षा शिक्षकखोलीत झाली. नेमकी वीज गेली होती आणि खाली जनरेटर सुरू होता. मुलीने उतारा वाचला तो इतक्या जोरात, की हिंदीच्या बाई दचकल्या. “अगं हळू, मी काय कल्याणला बसलेय का?” मग त्यांनी खाली पुस्तकात पाहत पहिला प्रश्न विचारला. जनरेटरने तो निम्मा गिळला. मुलगी गप्प. बाईंनी वाट पाहिली. कागदावर पेन टेकवले.

मुलीचा उजवा हात टेबलावर आला होता. बोटे आत वळलेली, पेरे लाकडापासून बोटभर वर. तो हात तसाच थांबला. तिने माझ्याकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

मला बोलायची मनाई होती. मी टेबलावर दोनदा ठोकले.

हिंदीच्या बाई माझ्याकडे वळल्या. “काय हो, कोण आलंय?”

“प्रश्न परत सांगा,” मी म्हणाले.

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिले. मग खुर्ची पुढे ओढली आणि आपल्या सव्वीस वर्षांच्या आवाजात विचारले, “तुझ्या घरी चालणाऱ्या कामाची पाच वाक्यांत माहिती सांग.”

ती सांगू लागली. आधी कटिंग होते, मग ओव्हरलॉकवर कडा बांधतात, मग बाजू जोडतात, मग कमरेचा बेल्ट, मग काजं-बटणं. धागे कापायचे काम आई करते आणि सुट्टीच्या दिवशी मी करते. एक धागा राहिला तरी शेठ माल परत पाठवतो. मग तो धुलाईला जातो, जाताना काळपट असतो, येताना निळा. बाई म्हणाल्या, “पाच झाली गं.” ती म्हणाली, “बाई, अजून इस्त्री राहिली.” बाईंनी पेन ठेवून दिले. “सांग बाई, इस्त्री पण सांग.”

नाव यादीतून निघाले. उरलेल्या पाच घरी मी त्याच आठवड्यात गेले. पाचही ठिकाणी पालकांनी अर्ज दिला, तिघांनी सही करून, दोघांनी अंगठा उठवून. तिथे मला काही वेगळे ऐकू आले नाही. मी तेवढा वेळ बसलेच नाही. एकीसाठी मी धाडस केले, पण पाच जणांसाठी पुन्हा तसे करण्याची माझ्यात ताकद नव्हती. हे मी कुणापाशी बोलले नाही. बदलापूरला परतताना लोकलमध्ये, अंबरनाथ मागे पडेपर्यंत, ते पाच अर्ज ठेवलेल्या मांडीवरच्या पर्सवरचा हात मला काढवत नव्हता.

ती आता दहावीत आहे. मी तिला दुसऱ्या बाकावर आणले आहे. ती थोडे बोलते, बरेचदा नको तिथे बोलते. ठोकत मात्र नाही, ते तिने वर्गापुरते कायमचे सोडले. मुले अजून कडीच म्हणतात, आणि आता तीही त्या नावाला ओ देते. मी मोठ्याने शिकवते. संध्याकाळी घसा बसतो, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करते. परीक्षेत काय होईल ते मला माहीत नाही. मुख्याध्यापक अधूनमधून विचारतात, “तुमची ती कशी आहे?” आणि ‘तुमची’वर जोर देतात.

नववीच्या दुसऱ्या सत्राची तिची नोंद लिहायला मला पूर्ण एक दुपार लागली होती. वहीतले काहीच चालेना. शेवटी मी लिहिले, ‘ऐकू न आल्यास परत विचारते.’ जुन्या तीन नोंदी बदलता आल्या नाहीत, नियमात बसत नाही. नव्या नोंदीचे पुस्तक घेऊन मी स्वतः कॅम्प पाचला गेले होते. वडिलांनी मशीनवरून मान वळवून ते वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हे काय लिवलंय, बाई? लोकं म्हनतील पोरगी बहिरी हाय. आधीचं ब्येस हुतं.”

मी भिंतीवरच्या पानाकडे बोट करून म्हणाले, ते आता काढून टाका.

“ऱ्हाऊ द्या की. ह्या घरात तेवढी येकच गोष्ट शांत हाय.”

आई हसली. शेठचा माल जायचा होता, वडिलांनी पाय दाबला आणि मशीन धावू लागले. पण मी तेवढ्यासाठीच आले होते. मी त्यांच्या शेजारी वाकून म्हणाले, “तो शेरा चुकीचा होता. चूक माझी होती.”

कापडावरची नजर न काढता त्यांनी हातातली कात्री मशीनच्या फळीवर आपटली. टक, टक.

मी घसा साफ केला आणि परत सांगितले.